थ्रेडेड इंटरप्ट म्हणजे एका ओळीचा बदल? नाही

इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला ‘आत्ता लक्ष दे’ म्हणून दिलेला इशारा, आणि त्याला उत्तर देणारं फंक्शन म्हणजे हँडलर. थ्रेडेड इंटरप्टमध्ये पहिला (हार्ड) हँडलर लगेच धावतो आणि उरलेलं काम वेगळ्या कर्नल थ्रेडमध्ये होतं. लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’ काढा, ‘रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू’ टाका, पहिल्या हँडलरच्या जागी नल (म्हणजे काहीच नाही) द्या. मग म्हणे प्रतिसाद लवकर मिळतो, आत काहीही करता येतं आणि लॉकची कटकट संपते. ही सोय २००९ पासून, २.६.३० पासून, कर्नलमध्ये आहे आणि ती उत्तमच आहे. हा सल्ला मात्र जसाच्या तसा पाळला तर बोर्ड अडकतात.

‘एक ओळ बदलली की झालं.’ नल दिलं पण आयआरक्यूएफ_वनशॉट हा फ्लॅग (थ्रेडचं काम संपेपर्यंत इंटरप्ट लाइन बंद ठेवणारा) लावला नाही, तर काही इंटरप्ट कंट्रोलर सोडता कर्नल −२२ ही एरर देऊन नोंदणीच नाकारतो. खरा घोळ इथून पुढे होतो. ती एरर घालवायला एक रिकामा हँडलर लिहिला जातो, जो फक्त आयआरक्यू_वेक_थ्रेड (‘थ्रेडला जागं करा’) परत करतो. कर्नलची तपासणी नलपुरतीच असल्याने नोंदणी पार पडते.

आता टचस्क्रीनची चिप घ्या. तिची इंटरप्ट लाइन लेव्हल-लो आहे: स्टेटस रजिस्टर वाचेपर्यंत ती खालीच राहते. रजिस्टर आयटूसी बसवरून वाचायचं. ४०० किलोहर्ट्झला चार बाइट, प्रत्येकी ९ बिट, म्हणजे किमान ९० मायक्रोसेकंद. या वाचनात कोड झोपू शकतो (थांबून प्रोसेसर दुसऱ्याला देऊ शकतो), आणि हार्ड हँडलरमध्ये ते चालत नाही, म्हणून ते थ्रेडमध्येच करावं लागतं. रिकामा हँडलर परतताच कर्नल लाइन अनमास्क करतो, म्हणजे पुन्हा चालू करतो. लाइन अजून खालीच, त्यामुळे लगेच पुन्हा इंटरप्ट. एका कोअरच्या बोर्डवर थ्रेडची पाळीच येत नाही, म्हणून रजिस्टर वाचलं जात नाही, म्हणून लाइन वर जात नाही. वनशॉट असेल तर थ्रेडचं काम संपेपर्यंत लाइन मास्क राहते. तेव्हा रिकामा हँडलर काढा, नल ठेवा आणि फ्लॅग लावा.

‘प्रतिसाद लवकर मिळतो.’ त्या डिव्हाइसपुरता उशीर उलट वाढतो, कारण थ्रेड जागा करणं आणि कॉन्टेक्स्ट स्विच (एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाणं) यांची भर पडते. फायदा बाकीच्यांना होतो. हार्ड हँडलर चालू असताना त्या कोअरवरचे इतर इंटरप्ट बंद असतात, आणि तो काळ घटतो. शिवाय कोणतं काम आधी हे तुम्हाला ठरवता येतं. पण ते ठरवावं लागतं. आयआरक्यू थ्रेड डिफॉल्टने फिफो या रिअल-टाइम शेड्युलिंग वर्गात ५० प्राधान्यावर असतात; आकडा मोठा तितकं प्राधान्य जास्त. त्याच कोअरवर ७० चा ऑडिओ थ्रेड चालू असेल, तर तो थांबेपर्यंत इंटरप्टचं काम खोळंबतं. ‘पीएस’ कमांडच्या यादीत ‘आयआरक्यू/’ने सुरू होणारा थ्रेड शोधून ‘सीएचआरटी’ कमांडने त्याचं प्राधान्य बदला. घटनेची अचूक वेळ हवी असेल तर टाइमस्टॅम्प हार्ड हँडलरमध्येच घ्या.

‘आत काहीही करता येतं.’ झोपता येतं, म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं, वाट पाहताना झोपवणारं लॉक) घेता येतो, हे खरं. पण स्वतःच्याच थ्रेडमधून इंटरप्ट बंद करणारं ‘डिसेबल_आयआरक्यू’ बोलावलं तर ते त्याच थ्रेडची वाट पाहत कायमचं अडकतं. तिथे वाट न पाहणारं ‘डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक’ हवं. थ्रेडला लागणारा म्यूटेक्स धरून ‘फ्री_आयआरक्यू’ने नोंदणी रद्द केली तरी हाच डेडलॉक. एज-ट्रिगर (पातळी बदलण्याच्या कडेलाच इंटरप्ट देणाऱ्या) लाइनवर थ्रेड चालू असताना दहा कडा आल्या तरी तो पुन्हा एकदाच धावतो, म्हणून डिव्हाइसचा फिफो बफर (आलेला डेटा रांगेत ठेवणारी जागा) रिकामा होईपर्यंत लूपमध्ये वाचा. आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ या बूट पॅरामीटरने सक्तीने थ्रेडमध्ये गेलेल्या हँडलरना साध्या (रिअल-टाइम नसलेल्या) कर्नलवर झोपण्याची मुभा नसतेच.

‘लॉक लागत नाहीत.’ एका नोंदणीचा थ्रेड स्वतःशी समांतर चालत नाही, एवढंच. दुसऱ्या कोअरवरून आलेला आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला केलेली विनंती) त्याच डेटाला हात लावू शकतो. तिथे म्यूटेक्स पुरतो. हार्ड हँडलरही तोच डेटा बदलत असेल तर थ्रेडमध्ये ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’ हवं, म्हणजे इंटरप्ट बंद करून घेतलेला स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारं लॉक). प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलचा रिअल-टाइम पर्याय) २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आलं आहे, आणि त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो. वनशॉटसोबत दिलेला तुमचा पहिला हँडलर मात्र तिथेही हार्ड संदर्भातच चालतो, म्हणून त्या लॉकचा प्रकार कधीच न झोपणारा ‘रॉ_स्पिनलॉक’ ठेवा.