282 ने गुणून डेंगीचा खरा आकडा मिळत नाही

पावसाळा रंगात आला की गोव्यातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: "डेंगीचा सरकारी आकडा खोटा. शास्त्रज्ञच सांगतात, 282 ने गुणा."

सरकारी आकडा अपुरा असतो, हे कबूल. पण हा 282 आला कुठून? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2006 ते 2012 या काळात देशात वर्षाला सरासरी 20,474 रुग्ण नोंदले गेले, तर अंदाज निघाला 57,78,406. भागाकार 282. तो अंदाज उभा होता तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यातली पाहणी आणि तज्ज्ञांचा कौल यांवर. आकडा त्या वर्षांचा, अख्ख्या देशाचा. जिथे तपासण्या वाढतात तिथे हा पट घसरतो.

गोव्यात लावून बघा. समजा 500 रुग्ण नोंदले. गुणिले 282 म्हणजे 1,41,000. साधारण चारातल्या तिघांना लागण होऊनही लक्षणं दिसत नाहीत, म्हणजे लागण 5,64,000. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545. दर वर्षी 39 टक्के लोकांना लागण झाली, तर सहा वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंचाण्णवांना डेंगी होऊन गेलेला असायला हवा. 2017-18 मध्ये 15 राज्यांत रक्त तपासलं, तेव्हा 5 ते 8 वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 28.3 टक्के निघालं. म्हणजे लागण न झालेल्या मुलांपैकी वर्षाला सुमारे 5 टक्क्यांना नव्याने लागण. गोवा सरासरीपेक्षा थोडा वरखाली असेल, पण 5 आणि 39?

दुसरी तक्रार: "कार्ड टेस्ट (पट्टीवरची झटपट चाचणी) पॉझिटिव्ह, तरी सरकारी यादीत नाव नाही, म्हणजे दडपलं." नाही. कार्डावरचा रुग्ण 'संभाव्य' धरतात. पक्का रुग्ण ठरतो तो एलायझा किंवा पीसीआरसारख्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने. गळती होते ती दिवस चुकल्याने. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचं प्रथिन) शोधायचं, त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं). तिसऱ्या दिवशी आयजीएम मागवली की निगेटिव्ह, आठव्या दिवशी एनएस1 मागवली तरी बहुधा निगेटिव्ह. दुसऱ्यांदा डेंगी झालेल्यांत एनएस1 आणखी लवकर ओसरतो.

मग अंदाज काढायचा कसा? दोन स्वतंत्र याद्या घ्या: एक इस्पितळात भरती झालेल्यांची, दुसरी खाजगी लॅबची. मानू, पहिलीत 120, दुसरीत 90, दोन्हींत 30. दुसरीतल्या 90 पैकी 30, म्हणजे तिसरा हिस्सा, पहिलीत सापडला; म्हणजे पहिलीतले 120 हाही एकूण रुग्णांचा तिसरा हिस्सा धरायचा. मग 120 गुणिले 90 भागिले 30, म्हणजे 360. खरं काम नावं जुळवण्याचं. नाईक, फर्नांडिस अशा आडनावांवर विसंबू नका. वय, वाडा आणि ताप सुरू झाल्याची तारीख तिन्ही जुळायला हवीत. स्पेलिंगमुळे दहा जण निसटले, तर सामाईक 20 उरतात आणि उत्तर 540. एकट्या स्पेलिंगने 180 रुग्ण जन्माला घातले! उलट, इस्पितळच आपले नमुने त्या लॅबला पाठवत असेल तर सामाईक संख्या फुगते, 60 झाली की उत्तर 180. आणि म्हापशातल्या इस्पितळातून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेलेला एकच रुग्ण भरतीच्या यादीत दोनदा नसावा, हे आधी तपासायचं.

घरी पॅरासिटामॉल घेऊन बरे झालेले या दोन्ही याद्यांत नसतात. त्यांच्यासाठी तेच वाडे, तीच माणसं, तेच किट: जूनच्या आरंभी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा रक्त तपासायचं. मधल्या काळात ज्यांच्या रक्तात डेंगीची प्रतिपिंडं नव्याने दिसली, त्यांना या पावसाळ्यात लागण झाली. जपानी मेंदूज्वराची लस घेतली आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्या. नाहीतर लसीची प्रतिपिंडंही डेंगीच्या खात्यात जमा होतात.