दगड नैसर्गिक आहे, म्हणून?

काल हरभट रोडच्या टपरीवर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, नळाच्या पाण्यात फ्लोराईड घालायला पाहिजे. दात किडणार नाहीत. पण केमिकल नको, नैसर्गिक खनिजातलं."

३२ वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, गप्प कसा बसणार?

शाळेच्या कपाटात फ्लोरस्पारचा, म्हणजे फ्लोराईडच्या नैसर्गिक खनिजाचा, जांभळा खडा होता, सुपारीएवढा. पोरांनी हाताळून त्याच्या कडा बोथट झालेल्या. दर वर्षी तो पाण्यात टाकून ठेवायचो. आठवड्याने काढला तरी जसाच्या तसा! लिटरभर शुद्ध पाण्यात हा दगड जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळतो. पण त्यातलं निम्मं फ्लोराईड, म्हणजे ८ मिलिग्रॅम. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५. शिवाय पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की दगड आणखी कमी विरघळतो. मग टाकीत धोंडा टाकून नेमकं किती उतरलं, हे सांगायचं कुणी?

अमेरिकेत १९५० च्या दशकात फ्लोरस्पार वापरून पाहिला, तर तो विरघळवायला तुरटीचं द्रावण लागलं. आणि गंमत बघा, पाण्यातलं जास्तीचं फ्लोराईड काढायला नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने जी नलगोंडा पद्धत शोधली, तिच्यातही तुरटीच! चुना आणि ब्लीचिंग पावडर सोबतीला. तेलंगणातल्या नलगोंड्यात पाण्यात कुणी फ्लोराईड घातलं नव्हतं. ग्रॅनाईटमधून आपोआप उतरलेलं, शंभर टक्के नैसर्गिक. ते जास्त झालं आणि माणसांच्या पाठी वाकल्या.

आणि ज्याला हा केमिकल म्हणतो ते पाण्यात घालायचं फ्लोरोसिलिसिक आम्ल खत कारखान्यात निघतं, फॉस्फेटच्या दगडातून. तोही जमिनीतलाच. पाण्यात उतरल्यावर फ्लोराईड ते फ्लोराईडच, त्याला गोत्र नसतं.

फायदा मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये पाण्यात फ्लोराईड घालायला सुरुवात केली आणि पोरांचे किडके दात खरंच कमी झाले. पण तिथलं पाणी मोजून-मापून. आपल्याकडे उन्हाळ्यात रानात राबणारा माणूस किती लिटर पितो? वर दिवसाला सहा कप चहा, आणि चहापत्तीतही फ्लोराईड असतं.

माझं म्हणणं एवढंच, घालायचं नंतर बघू. आधी जत-आटपाडीकडच्या बोअरचं पाणी तपासा. किटमधले थेंब टाकायचे, लालसर रंग पिवळा पडत गेला की समजायचं फ्लोराईड जास्त आहे.

भाऊ म्हणाला, "मग दातांचं काय?"

म्हटलं, "फ्लोराईडची पेस्ट आण आणि रात्री झोपतानाही घास. आणि हा चहा बिनसाखरेचा सांग."