‘रिपोर्ट उशिरा, आणि ॲसिड कुठून आलं तेही नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिपोर्टला उशीर झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. आयन क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे ॲसिडं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनचा, कॉलम नेमका तेव्हाच गेला.

पण ‘एनजीएलमध्ये (नैसर्गिक वायूतून वेगळ्या काढलेल्या द्रवात) ॲसिड कुठून आलं एवढंही या लॅबला सांगता येत नाही, दोन सिलिंडरचे दोन आकडे देतात’ असं एक स्टार देऊन लिहिलंत ते लागलं हो. आम्ही सॅम्पलचा दाब टिकवणारा पिस्टनवाला सिलिंडर पाठवला होता, तुमच्याकडून आले दोन साधे, दोन्हींवर नुसतं ‘एनजीएल’, सॅम्पल अमाइन ट्रीटरच्या (अमाइनच्या द्रावणाने H₂S, CO₂ काढणाऱ्या युनिटच्या) आधीचं की नंतरचं काही पत्ता नाही. विचारल्यावर कळलं की एक टाकीच्या तळातून काढलंय, आणि त्यात चक्क पाणी निघालं. फॉर्मिक, ॲसिटिक ही छोटी ॲसिडं पाण्यातच जाऊन बसतात, मग त्या सिलिंडरचा आकडा फुगणारच की! मशीन काय करणार त्याला?

आणि उगमाचं म्हणाल तर पान ३ बघा, लिहिलंय. फॉर्मेट (फॉर्मिक ॲसिडचं रूप) सगळ्यात जास्त, त्याखाली ॲसिटेट (ॲसिटिकचं), थोडं ग्लायकोलेट (ग्लायकोलिकचं). नुसतं ॲसिटिक-प्रोपिऑनिक असतं तर विहिरीच्या पाण्यातून आलं म्हटलं असतं, लांब साखळीची फॅटी ॲसिडं असती तर करोजन इनहिबिटरवर (पाइप गंजू नयेत म्हणून घालतात त्या रसायनावर) संशय घेतला असता. इथे ऑक्सिजन कुठूनतरी आत शिरतोय आणि अमाइन किंवा ग्लायकॉल (ओलावा काढायला वापरतात ते) खराब होतंय असं दिसतंय, टाक्यांवरची व्हेपर रिकव्हरी (वाफ परत गोळा करणारी यंत्रणा) आधी तपासा असंही लिहिलंय. अमाइन की ग्लायकॉल, नक्की कोण ते एका टाकीच्या सॅम्पलवरून ठरत नाही, कारण दोन्हीतून जवळपास तीच ॲसिडं निघतात. विहिरीत ॲसिड जॉब (उत्पादन वाढवायला विहिरीत ॲसिड सोडणं) झालाय का हेही मेलवर विचारलं होतं, कारण त्यात कधीकधी फॉर्मिक-ॲसिटिक आपणच बाहेरून घालतो. त्या मेलला अजून उत्तर नाही, रिव्ह्यू मात्र आला. आमची लॅब छोटी आहे सर, एका स्टारने पुढची चार कामं जातात.

यापुढे उशीर होणार असेल तर आधी कळवत जाऊ, सॅम्पलिंगच्या सूचनाही जरा सोप्या करून पाठवू. तुम्ही अमाइन ट्रीटरच्या आधी, नंतर आणि टाकीत जायच्या आधी अशी तीन सॅम्पलं काढा, बघू कुठे आकडा चढतो ते. आमचा पिस्टनवाला सिलिंडर अजून तुमच्याकडेच पडून आहे, तो या वेळी भरूनच पाठवा, आणि लेबलवर पॉइंट लिहा प्लीज.