कपडे वाळवायचे तरी कुठे?

सकाळचे साडेसात वाजलेत, बाहेर काळोख आहे आणि घर तापवणाऱ्या रेडिएटरवर लेकाची शाळेची पँट आहे. ओली! परवा रात्री धुतलेली पँट आज सकाळी ओली! कमरेच्या पट्ट्याला हात लावला तर गार, चिकट. शेवटी हेअर ड्रायर घेऊन पँट फुंकत बसले. तेही बेडरूममध्ये, कारण इथे इंग्लंडात बाथरूममध्ये प्लग नसतो. दाढीच्या मशीनपुरतं एक बारकं सॉकेट असतं, बस.

मी मूळची डोंबिवलीची, पण मधली अकरा वर्षं न्यू जर्सीत काढली, पासपोर्टही आता तिकडचाच. नवऱ्याची बदली मँचेस्टरला झाली तेव्हा जो तो म्हणाला, अगं भाषा तीच, तुला काय जड जाणार? बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून चटका आणि दुसऱ्यातून बर्फ, त्याची सवय झाली. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात, कांद्याबटाट्याच्या शेजारी, त्याचीही झाली. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य गुल होतो, तेही गिळलं. पण ओले मोजे घालायची सवय कुणाला होते?

अमेरिकेतला कपडे वाळवायचा ड्रायर म्हणजे खोलीभर धूड. २४० व्होल्टचा स्वतंत्र प्लग, मागून हातभर जाड नळी, दमट हवा थेट घराबाहेर. पाऊण तासात टॉवेल पापडासारखे कोरडे. इथे काय, तर ‘वॉशर-ड्रायर’. एकाच पोटात दोन्ही कामं. त्यावर लिहिलंय काय वाचा: धुणं ८ किलो, वाळवणं ५ किलो. मग वरचे तीन किलो ओले कपडे मी डोक्यावर घेऊन फिरू? बरं, पाचच किलो घातले तरी तीन तास घरघर केल्यावर आतून निघतो चादरीचा एक गोळा, कडेने गरम आणि मधे ओलाकच्च, कच्ची राहिलेली इडली जशी. विजेचा युनिट पाव पौंडाच्या आसपास. इडली माझ्या पैशाने, आणि तीही कच्ची.

म्हणून सगळ्यांसारखा मीही तो घडीचा स्टँड आणला. बैठकीच्या खोलीत आता माणसांना जागा नाही, स्टँडला आहे. डोंबिवलीतही जुलैत हेच असायचं म्हणा, छताच्या दोऱ्यांवर कपडे आणि खाली पंखा फुल्ल. पण पंखा होता! इथे छताला पंखा नावाची वस्तूच नाही. आमचं घर शंभरेक वर्षांपूर्वीचं, भरीव विटांच्या गार भिंती. कपड्यातलं पाणी हवेत जातं, हवेतलं भिंतीवर बसतं. नोव्हेंबरात काचांवरून ओघळ सुरू झाले, नाताळापर्यंत कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके. ठिपक्यांचे डाग झाले. आता लेकाच्या स्वेटरला तोच कुबट वास येतो.

घर भाड्याचं, म्हणून घरमालकाच्या एजंटला फोटोंसकट ईमेल केली. उत्तरात एक रंगीत माहितीपत्रक आलं: घरात कपडे वाळत घालू नका, भांड्यांवर झाकण ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. जानेवारीत! हीटिंग चालू ठेवून! बरं, बाहेर घालते म्हटलं, तर आमच्याच भाडेकराराचं कलम सांगतं की रस्त्यावरून दिसतील असे कपडे बाल्कनीत किंवा खिडकीबाहेर वाळत घालायचे नाहीत. आत नाही, बाहेर नाही, आणि मशीन वाळवत नाही. (न्यू जर्सीतल्या आमच्या सोसायटीतही बाहेर दोरी बांधायला बंदी होती, खोटं कशाला बोलू. पण तिथे वाळवायचं यंत्र वाळवायचं.)

मग एजंटकडून एक तरुण गृहस्थ बघायला आले. भारी नम्र. भिंतीकडे बघून म्हणाले, हे थोडंसं कंडेन्सेशन आहे. थोडंसं! कपाट सरकवून दाखवलं, मागची भिंत शाई सांडल्यासारखी. त्यावर प्रश्न काय विचारावा? ‘तुम्ही रोज भात वगैरे शिजवता का?’

हो रे बाबा, शिजवतो. आंघोळही करतो. श्वाससुद्धा घेतो, त्यातूनही वाफ निघते म्हणे.

माझं डोकं का फिरतं ते सांगते. रॉचडेल इथून ट्रामच्या अंतरावर आहे. तिथे अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीमुळे. बाप तक्रारी करत राहिला आणि घरमालक संस्था त्या कुटुंबाच्या राहणीमानाकडे बोट दाखवत राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, बुरशीच हे कारण असल्याचं सांगितलं, मग त्याच्या नावाने कायदा आला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगला, म्हणजे कौन्सिल आणि गृहसंस्थांच्या कमी भाड्याच्या घरांना, लागू झाला: जीवघेणा धोका असेल तर २४ तासांत हालचाल, गंभीर ओलीची तक्रार असेल तर १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी. सुरुवात तिथून केली, आमच्यासारख्या खासगी भाडेकरूंचा नंबर मागे. आणि एवढं सगळं होऊनही, त्याच शहराच्या शेजारी, २०२६ मध्ये, हा माणूस माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजतोय!

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘अगं, तवा तापवून त्याच्यावर मोजे टाक.’ हसले, आणि मग खरंच टाकले. तव्यावर! आता स्वयंपाकघरात मोज्यांचाही वास.

शेवटी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, घेतला, स्वतःच्या पैशाने. दोन लिटरची टाकी दीड दिवसात भरते. दर वेळी ते करडं पाणी सिंकमध्ये ओतताना वाटतं, बाटलीत भरून त्या गृहस्थांच्या टेबलावर नेऊन ठेवावं.

काल त्यांचा तपासणी अहवाल आला. भिंतीचा एकही फोटो नाही. माझ्या कपड्यांच्या स्टँडचे मात्र चार आहेत, त्यातल्या एकात नवऱ्याची बनियन अगदी स्पष्ट, आणि खाली शेरा: ‘ओलाव्याचा स्रोत’.