"मग इंग्रजीचं काय?"

ग्लासगोतली आमची शेजारीण म्हणाली, पोरीला गॅलिक शाळेत घातलंय. माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते अस्सल मराठी पालकाचं: "मग इंग्रजीचं काय?" (गॅलिक म्हणजे स्कॉटलंडची जुनी भाषा. इथे 'गॅलिक'च म्हणायचं. 'गेलिक' म्हटलं की लोकांना आयर्लंडची भाषा वाटते.)

ती हसली. "इंग्रजी कुठे पळून जातेय?"

तिला स्वतःला गॅलिक येत नाही, नवऱ्यालाही नाही. या शहरातल्या गॅलिक शाळांमध्ये अशाच घरांतली मुलं जास्त. सुरुवातीची वर्षं वर्गात सगळं गॅलिकमधून चालतं. गणित, गोष्टी, शूला जायची परवानगीसुद्धा. इंग्रजी वाचन-लेखन तिसऱ्या-चौथ्या इयत्तेच्या सुमारास येतं, आणि सातवीअखेर दोन्ही भाषा बरोबरीने याव्यात हे उद्दिष्ट.

मला हे आधी उफराटं वाटलं. द्वैभाषिक म्हणजे अर्धं हे, अर्धं ते, असंच आपण धरून चालतो. पण टीव्ही इंग्रजी, दुकान इंग्रजी, आजी इंग्रजी. अशा मुलाला शाळेतही निम्मी इंग्रजी दिली, तर गॅलिकच्या वाट्याला उरतं काय? दुबळ्या भाषेला जास्त वाढायचं, तेव्हा कुठे पंगत समान होते.

अभ्यासक्रम मात्र वेगळा नाही, इंग्रजी शाळांचाच. त्याची मूल्यं स्कॉटिश संसदेच्या राजदंडावर कोरलेल्या चार शब्दांतून घेतलीत: शहाणपण, न्याय, करुणा, सचोटी. असे शब्द कुठल्याही शाळेच्या भिंतीवर शोभतात, त्यामुळे मी ते सहसा मनावर घेत नाही. इथे 'न्याय'पाशी मात्र थांबले. 1872च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचं केलं आणि त्यात गॅलिकचं नावही नव्हतं. घरी फक्त गॅलिक ऐकलेली पोरं इंग्रजी वर्गात बसली, आणि आपली भाषा बोलल्याबद्दल कित्येकांनी मार खाल्ला. 1975 मध्ये पश्चिमेकडच्या बेटांवर द्वैभाषिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. गॅलिक माध्यमाचे पहिले प्राथमिक वर्ग ग्लासगो आणि इन्व्हरनेसला निघाले ते 1985 मध्ये. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं गेली. तेव्हा आज त्या वर्गात इंग्रजीला दोन-तीन वर्षं दाराबाहेर उभं केलं, तर तिच्यावर अन्याय झाला असं मला तरी वाटत नाही.

पण मला शाळेचं नुसतं कौतुकही करायचं नाही. मधली सुट्टी झाली की पोरं आपापसात इंग्रजीच बोलतात, हे शेजारीणच सांगते. ती आता स्वतः संध्याकाळच्या वर्गाला जाते. लेक तिचे उच्चार सुधारते, आणि बाई वैतागते.

2022च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे वाढले: 2011 मध्ये 57 हजारांच्या आसपास होते, ते 69 हजारांवर गेले. त्याच जनगणनेत पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथे ही भाषा अजून घरात, चर्चमध्ये, मासेमारीच्या धक्क्यावर होती, तिथे ती बोलणारे पहिल्यांदाच निम्म्याहून कमी भरले. शहरातली शाळा बोलणारे घडवू शकते. पण बेटावरच्या तरुण जोडप्याला तिथेच राहता येईल असं घर आणि काम देणं शाळेच्या हातात नाही. सरकारने 2025 मध्ये गॅलिकला अधिकृत दर्जा दिला, ठीक. आता थोडा पैसा तिकडच्या घरांसाठीही सोडा म्हणावं.