सोळा मेगापिक्सेल आणि उंटावरच्या शेळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पहिला डीएसएलआर, म्हणजे आतून आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, कसा निवडावा या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली. म्हटलं जरा डोकं शांत होऊ दे मग लिहू, ते काही फारसं झालेलं नाही, पण उत्तर कमेंटमध्ये मावणारं नाहीये म्हणून वेगळं लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लेखात मी म्हटलं होतं की नवीकोरी सगळ्यात खालची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि सोबतची किट लेन्स घेण्यापेक्षा चांगल्या अवस्थेतली जुनी पण वरच्या रेंजमधली बॉडी बघा, उदाहरण दिलं निकॉन डी७००० चं, आणि वाचलेले पैसे ५० एमएम एफ १.८ अशा भरपूर उजेड घेणाऱ्या लेन्समध्ये घाला. त्यावर तुमचं वाक्य असं : "२०१० सालची १६ मेगापिक्सेलची बॉडी नवख्याच्या गळ्यात मारणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, लेखकाने तक्ते वाचून लेख पाडलेला दिसतो." पुढे लेन्सची मोटर, मिररलेस (आरसा नसलेले नवे कॅमेरे), व्हिडिओ आणि जुन्या मालाचा भरवसा असे आणखी मुद्दे.

आता तुमचं मत वेगळं आहे, असू दे ना. पण "गळ्यात मारणं" म्हणजे काय हो? मी काय कॅमेरे विकतो? आणि तक्ते वाचून लेख पाडला हे तुम्हाला कुठल्या ओळीवरून कळलं तेही सांगा. मी या धंद्यात शिरलो तो एका फोटोग्राफरच्या बॅगा उचलत. फिल्मचा जमाना, ३६ फोटोंचा रोल, माझं काम म्हणजे रोल भरून तयार ठेवणं, फ्लॅशच्या बॅटऱ्या चार्ज करणं आणि ट्रायपॉड घेऊन मागे मागे पळणं, फोकस चुकलाय हे रोल धुऊन आल्यावर कळायचं आणि मग जी बोलणी बसायची ती वेगळीच. त्यानंतर कित्येकांना पहिला कॅमेरा घेताना मदत केलीय, त्यातल्या निम्म्याअधिकांचे कॅमेरे नंतर कपाटात पडलेले पण पाहिलेत. तेव्हा उंटावर कोण बसलंय हे जरा बघून बोला.

बरं, मेगापिक्सेल. डी७००० चा फोटो ४९२८ बाय ३२६४ पिक्सेलचा असतो आणि निकॉनच्याच सगळ्यात खालच्या रेंजमधल्या, २४ मेगापिक्सेलवाल्या डी३५०० चा ६००० बाय ४०००. आकडा १६ चा २४ झाला म्हणजे दीडपट असं वाटतं, पण प्रत्यक्षात रुंदीला फरक पडतो २२ टक्क्यांच्या आसपास. त्या "जुनाट" १६ मेगापिक्सेलमधून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १६ बाय १० इंचाची प्रिंट आरामात निघते. नवशिका माणूस एवढी मोठी प्रिंट कितीदा काढतो? फोटो जातात फोनवर, आणि तिथे ते पाठवतानाच बारीक होतात. लांबचा पक्षी काढून नंतर क्रॉप करायचा असेल तर जास्तीचे पिक्सेल उपयोगी पडतात हे मलाही माहिती आहे, पण पहिल्या कॅमेऱ्याला पक्ष्यांची लेन्स कुणी घेत नाही.

दुसरं म्हणजे बॉडी हातात धरल्यावर काय होतं ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. डी३५०० ला डायल एकच. मॅन्युअल मोडमध्ये शटर स्पीड डायलने बदलतो, पण अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) बदलायचं तर शटर बटणाजवळचं अधिक-उण्याचं छोटं बटण दाबून धरायचं आणि मग तोच डायल फिरवायचा. डी७००० ला मागे अंगठ्याखाली एक डायल आणि पुढे बोटाखाली दुसरा, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता दोन्ही फिरतात. शिकणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण जिथे बोटांची कसरत करावी लागते तिथे माणूस चार दिवसांत कंटाळून ऑटोवर जातो आणि मग कायमचा तिथेच राहतो. शिवाय डी७००० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये काचेचा पेंटाप्रिझम आहे, फ्रेम जवळजवळ शंभर टक्के दिसते. डी३५०० मध्ये आरशांचा पेंटामिरर आणि ९५ टक्के, म्हणजे बघताना कोपऱ्यात काही नव्हतं आणि फोटोत कुणाचं तरी कोपर आलंय, असं होतं. तुमच्या त्या तक्त्यांमध्ये हे दिसत असेल, पण ते खुपतं वापरल्यावरच.

आणि लेन्स. माझ्या भाचीने माझं न ऐकता नवी बॉडी आणि १८-५५ एमएमची किट लेन्स घेतली होती. तिचा मुलगा संध्याकाळी दिव्याखाली ठोकळे रचत बसायचा आणि तिला ते फोटो हवे असायचे. किट लेन्स ५५ ला नेली की अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, शटर यायचं १/२० सेकंद वगैरे, चेहरा कसाबसा ठीक पण पोराचे हात म्हणजे नुसता धूर. तिने ठरवून टाकलं की कॅमेरा भिकार आहे. मी माझी फिफ्टी, म्हणजे ५० एमएमची लेन्स, लावून दिली, एफ १.८, तोच आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा), तोच दिवा, शटर १/२०० च्या घरात गेलं आणि हातातल्या ठोकळ्याची रंगाची उडालेली कडसुद्धा दिसायला लागली. ५.६ आणि १.८ मध्ये जवळजवळ दहापट उजेडाचा फरक आहे, म्हणजे तीन स्टॉपच्या वर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). नवा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) जुन्यापेक्षा जास्त आयएसओला कमी नॉईज, म्हणजे कमी दाणे, देतो हे खरं, पण एवढ्या पिढ्यांच्या फरकात एखादा स्टॉप धरा. तीन स्टॉप लेन्सने मिळत असताना एका स्टॉपसाठी बॉडीवर पैसे घालवा असं मी तरी कुणाला सांगणार नाही. (एफ १.८ ला फोकस नाकावर आणि डोळे मऊ असंही होतं, क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर, फिफ्टी ७५ एमएमसारखी वागते म्हणून छोट्या खोलीत मागे सरकत भिंतीला टेकायलाही होतं. दोन्ही लेखात आहे.)

लेन्सच्या मोटरचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, उगाच कशाला नाकारू. जुन्या डी टाइपच्या फिफ्टीत स्वतःची मोटर नसते, ती डी७००० वर ऑटोफोकस करते कारण बॉडीत मोटर आहे, पण डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांवर हाताने फोकस करावा लागतो, तिथे एएफ-एस म्हणजे स्वतःची मोटर असलेली जी वाली घ्यायला हवी. लेखात मी नुसतं "निकॉनची फिफ्टी" लिहिलं होतं, वाक्य वाढवतो. कॅननवाल्यांना ही भानगड नाही, १९८७ पासून ईएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते. एवढं तुम्ही एका ओळीत सभ्यपणे सांगितलं असतं तर मी आभारच मानले असते, आत्ताही मानतोय, पण ते उंट मधे आणलेत ना.

मिररलेसबद्दल. "२०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आला नाही" हे तुमचं वाक्य चूक आहे, पेंटॅक्सचा के-३ मार्क ३ हा २०२१ चा आहे. दुसऱ्याला तक्ते वाचणारा म्हणण्याआधी एखादा तक्ता आपणही वाचावा. निकॉन आणि कॅननने नवे डीएसएलआर थांबवले म्हणाल तर हो, थांबवले, त्यामुळेच तर जुन्या बॉड्या आणि लेन्स बाजारात निघतायत. लेख डीएसएलआरवर होता, मिररलेसवर नव्हता, विषय संपला. व्हिडिओ करायचाय त्याने डी७००० घेऊ नये, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल तर माझा नाइलाज आहे.

"जुन्या मालात काय निघेल देव जाणे" असंही म्हणालात. देवाला कशाला त्रास? एफ १६ लावून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. लेन्समधून टॉर्च मारा, फंगस (बुरशी) असेल तर कोळिष्टकासारखी जाळी दिसते, तशी लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, विचारा, डी७००० चं शटर दीड लाख क्लिकांसाठी तपासलेलं आहे, त्याच्या जवळ आलेली बॉडी सोडून द्या. हेही सगळं लेखात होतं.

तुमची कमेंट उडवणार नाही, आहे तशी राहील. तुम्ही नवख्यांना कुठली बॉडी आणि कुठली लेन्स घ्यायला सांगाल ते मात्र तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत कुठेच सापडलं नाही, तेवढं खाली लिहा. फिफ्टीचं वाक्य मी आज रात्री दुरुस्त करतो.