तंबूवर नको, कॅरीमॅटवर खर्च करा

दिवाळी झाली की नाशिकमध्ये तंबूंची चौकशी सुरू होते. किती जणांचा, कितीला पडला, किती मिनिटांत उभा राहतो. खाली काय अंथरायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. मुलाबाळांसह मुक्काम बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली सहज जातो. वरून दोन रग घेतले तरी पाठ गारठते, कारण अंगाखालचं पांघरूण वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. हवा भरायची साधी गादी तर आणखी फसवी. मऊ लागते, पण आतली हवा फिरत राहते आणि मध्यरात्रीनंतर खालून गार पडायला लागते. त्यापेक्षा माणशी एक १० मिमीची फोमची कॅरीमॅट (गुंडाळून नेता येणारी चटई) घ्या, वर घरची जाड गोधडी. गाडीने जाताय, वजनाचं काय एवढं? योगा मॅटवर भागवायचं असेल तर दोन एकावर एक टाका. तंबूखाली प्लास्टिक घालत असाल तर त्याच्या कडा आत दुमडा. बाहेर राहिल्या तर दव आणि पाणी गोळा होऊन थेट तुमच्या खाली येतं.

जागेचंही तसंच. तलावाच्या अगदी काठावर फोटो छान येतो, पण रात्री डोंगरावरची गार हवा उतरून तिथेच साचते, दवही तिथेच जास्त. वीस-तीस फूट वर चढलात तरी फरक कळतो. तंबूवर वाळकी फांदी नाही ना, हे मान वर करून बघा. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथे चूल नकोच, धुराने माश्या उठतात.

आपल्याकडे माती चार बोटं, खाली काळा कातळ. खुंटी वाकेपर्यंत ठोकत बसू नका. दोरीचं टोक लहान दगडाला बांधा, त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच मोठा दगड ठेवा. हलत नाही. सकाळी आतून कापड ओलं दिसलं की लोक तंबू गळतो म्हणतात. तो चौघांचा श्वास असतो. वरच्या झडपा उघड्या ठेवा. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे आत घेणं मात्र जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिल्या मुक्कामाला किल्ला नको, हे माझं ठाम मत. हरिहरच्या पायऱ्या, कळसूबाईच्या शिड्या दिवसा करा. कळसूबाईच्या माथ्यावर (१६४६ मीटर) रात्री वाऱ्यात लहान मूल सांभाळणं म्हणजे हौसेची शिक्षा. शेंडी-भंडारदऱ्याला गावकऱ्यांच्या कॅम्पवर राहा, शौचालय तरी मिळतं. अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. सामान घोटीच्या बाजारात पूर्ण करा आणि चारपर्यंत पोहोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

चौघांना पिण्या-रांधण्याला २० लिटरचा जार घ्या, वर थोडं जास्त. जेवणाला खिचडी: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, दोन्ही घरूनच मसाल्यासकट एका पिशवीत. वाऱ्याला आडोसा करा, पण गॅसच्या डब्यावर बसवलेला स्टोव्ह चहूबाजूंनी झाकू नका, डबा तापून फुटू शकतो.

तंबूची चेन रात्रभर बंद, लघवीला उठलात तर बॅटरी हातात, बूट झटकून पायात. मण्यार या विषारी सापाचा दंश बऱ्याचदा झोपेत होतो, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, किंवा गाडी काढा आणि सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्या. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका.